पोहत निघालेली पाखरं

मुंबईच्या राणीच्या बागेत पेंग्विनच्या काचेपुढे कायम गर्दी असते. त्या गर्दीतून वाट काढत माझी भाची अगदी पुढे गेली आणि काचेला नाक टेकवून उभी राहिली. आत एक पेंग्विन बुडी मारत होता, वर येत होता, पुन्हा बुडी मारत होता. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग एकदम म्हणाली, "मावशी, यांना उडता येत नाही ना? मग यांना गावाला जायचं असलं तर हे कसे जातात?"

"पोहत," मी म्हणाले.

"पोहत? किती लांब?"

तिला वाटलं होतं, मी म्हणेन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. खरं उत्तर सांगितलं तेव्हा तिने काचेवरचं नाक काढलं आणि माझ्याकडे बघतच राहिली. तेच उत्तर आज तुम्हाला सांगायचंय. फक्त ते एका ओळीत मावणारं नाही, म्हणून जरा ऐसपैस बसा. घरात जगाचा नकाशा असेल तर तोही काढा.

आधी एक ओळख करून देते. राणीच्या बागेतले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे आहेत. त्यांतले पहिले २०१६ साली दक्षिण कोरियातून इथे आणले, पण या जातीचं मूळ घर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पेरू आणि चिली या देशांत. पुढच्या वेळी गेलात की त्यांच्या छातीकडे नीट बघा. पांढऱ्या छातीवर घोड्याच्या नालेसारखा एक काळा पट्टा दिसेल. यांच्या चुलतभावंडांना असे दोन पट्टे असतात, एक गळ्याशी आणि एक त्याखाली छातीवर. जणू दोन पदरी माळ. या चुलतभावंडांचं नाव मॅगेलन पेंग्विन. उंची दोन फुटांहून थोडी जास्त, वजन चार-पाच किलो. दक्षिण अमेरिकेच्या खालच्या टोकाला, अर्जेंटिना आणि चिलीच्या किनाऱ्यांवर आणि फॉकलंड बेटांवर ते राहतात. आपली गोष्ट अर्जेंटिनाच्या बाजूला राहणाऱ्यांची आहे.

नकाशात अर्जेंटिना शोधा. त्याच्या अटलांटिकच्या किनाऱ्यावरून बोट खाली खाली न्या. चुबुत नावाचा प्रांत लागेल. तिथे पुंता तोम्बो नावाचा जमिनीचा एक चिंचोळा तुकडा समुद्रात घुसलेला आहे. जगातल्या मॅगेलन पेंग्विनांच्या सगळ्यात मोठ्या वसाहतींपैकी एक तिथे आहे. लाखांनी पेंग्विन! आणि आता डोळ्यांपुढचं बर्फ पुसून टाका बरं. पुंता तोम्बोला बर्फाचे डोंगर नाहीत. तिथे आहे धूळ, खडे, वारा आणि काटेरी झुडपं. थेट आपल्या माणदेशातल्या माळरानासारखं, फक्त पलीकडे निळा समुद्र. हे पेंग्विन मातीत बीळ खणून किंवा झुडपाखाली खड्डा करून राहतात. उन्हाळ्यात तिथे इतकं तापतं की पेंग्विन चोच उघडी ठेवून धापा टाकतात. आणि ओरडतात कसे, माहितीये? अगदी गाढवासारखे! मान वर करून, पंख पसरून, पोटातून हवा ढकलत असा काही आवाज काढतात की डोळे मिटून ऐकलंत तर परटाच्या आवारात उभं असल्यासारखं वाटेल.

मॅगेलन हे नाव एका दर्यावर्दीचं. फर्डिनंड मॅगेलन १५२० साली पाच जहाजं घेऊन या किनाऱ्याने खाली चालला होता. त्याच्याबरोबर अँतोनियो पिगाफेत्ता नावाचा एक इटालियन होता. तो रोज दिसेल ते लिहून ठेवायचा. त्याने या पक्ष्यांना हंस म्हटलं! काळे, लठ्ठ, उडता न येणारे हंस. युरोपातल्या माणसाने पेंग्विन पाहून लिहून ठेवलेल्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ही एक. दुःखाची गोष्ट अशी की खलाशांनी त्या 'हंसां'नी जहाजं भरून घेतली ती खाण्यासाठी.

आता वर्षाचं वेळापत्रक बघू. एक ध्यानात ठेवा, तिकडे ऋतू आपल्या उलटे. आपली दिवाळी येते तेव्हा तिकडे वसंत, आपल्याकडे पावसाळा लागतो तेव्हा तिकडे हिवाळा. सप्टेंबरात नर येतात आणि आपापली जुनी बिळं ताब्यात घेतात. मागोमाग माद्या येतात. ऑक्टोबरात दोन अंडी. साधारण चाळीस दिवस आईबाबा आळीपाळीने ती उबवतात. मग पिल्लं होतात, मासे खाऊन गुबगुबीत होतात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत अंगावरची करडी लव झडून खरी पिसं आली की एक दिवस पाण्यात उतरतात.

यानंतर जे होतं ते मला पहिल्यांदा कळलं तेव्हा पटलंच नाही. पिल्लं एकटी निघून जातात. आईबाबा बरोबर नसतात. रस्ता दाखवायला कुणी नसतं. ज्या पाखराने कालपर्यंत समुद्र फक्त लांबून पाहिला, ते आज त्यात उतरतं आणि उत्तरेकडे पोहायला लागतं.

आईबाबा का जात नाहीत? कारण त्यांची शाकारणी बाकी असते! कोकणात घर असेल त्यांना कळेल. पावसाआधी छपरावरची कौलं उतरवतात, फुटकी बाजूला काढतात, नवी बसवतात, म्हणजे पावसात घर गळत नाही. पेंग्विनचं अंग असंच कौलारू असतं. छोटी, ताठ पिसं एकावर एक अशी बसलेली असतात की पाणी वरूनच ओघळून जातं. त्यांच्याखाली मऊ लव आणि लवेत अडकलेली हवा. तीच त्याची गोधडी. बाकीचे पक्षी पिसं थोडी थोडी बदलतात. पेंग्विन सगळी एकदम बदलतो. तीनएक आठवडे तो किनाऱ्यावर उभा राहतो, अंगावर फाटकी गादी पांघरल्यासारखा दिसतो, आणि या दिवसांत काही खातही नाही, कारण अर्धवट छपराने पाण्यात जाणं म्हणजे गारठून मरणं. म्हणून आधी शाकारणी, मग प्रवास. एप्रिल संपता संपता मोठेही निघतात आणि किनारा ओस पडतो.

जायचं कुठे? माशांच्या मागे. अँचोवी नावाचे छोटे, चंदेरी मासे थव्याथव्याने फिरतात. आपल्या बाजारातली मांदेली याच कुळातली. हिवाळ्यात हे थवे उत्तरेकडे सरकतात, आणि पेंग्विन त्यांच्या मागे मागे अर्जेंटिनाचा किनारा ओलांडून उरुग्वे, आणि तिथून ब्राझीलच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत जातात. काही तर रिओ दि जानेरोपर्यंत पोचतात. पुंता तोम्बो ते रिओ हे अंतर तीन हजार किलोमीटरच्या आसपास भरतं. काश्मीरच्या टोकापासून कन्याकुमारी जेवढी लांब, जवळजवळ तेवढं. आणि मग परत यायचं!

या चार-पाच महिन्यांत ते जमिनीला पाय लावत नाहीत. तरंगत तरंगत झोपतात. खारं पाणी पितात आणि डोळ्यांच्या वर असलेल्या ग्रंथी रक्तातलं जादा मीठ गाळून चोचीवाटे थेंब थेंब बाहेर टाकतात. पाठ काळी, म्हणून वरून पाहणाऱ्याला ते खोल पाण्यात मिसळून गेलेले दिसतात. पोट पांढरं, म्हणून खालून पाहणाऱ्याला आभाळात मिसळलेले. सी लायन आणि शार्क यांच्यापासून वाचायला हा पोशाख लाखो वर्षांत तयार झाला आहे आणि तो उत्तम चालतो. पण त्या समुद्रात आता अशा गोष्टी आहेत ज्यांच्यावर काळापांढरा पोशाख काहीच करू शकत नाही.

त्यातली सगळ्यात वाईट, माझ्या मते, तेल.

पावसाळ्यात तुम्ही जुहूच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर अनवाणी फिरला असाल, तर तळपायाला काळं, चिकट काहीतरी लागलेलं आठवेल. डांबराचे गोळे. घरी आल्यावर साबणाने निघत नाहीत, खोबरेल तेल लावून घासावे लागतात. जहाजांतून किंवा तेलविहिरींतून समुद्रात गेलेल्या तेलाचंच ते रूप. आता कल्पना करा, ते तुमच्या तळपायाला लागलं नाही, तुमच्या छपराला लागलं. पेंग्विनची पिसं तेलाने एकमेकांना चिकटतात आणि कौलांमध्ये फट पडते. फटीतून गार पाणी आत शिरतं, हवेची गोधडी भिजते. रुपयाएवढा डाग पडला तरी तिथून गारवा आत जायला लागतो. बिचारा पेंग्विन काय करतो? जे त्याच्या आईने, आजीने केलं तेच. चोचीने पिसं साफ करायला लागतो. आणि प्रत्येक वेळी थोडं तेल पोटात जातं. थंडीने कुडकुडत शेवटी तो किनाऱ्यावर येऊन उभा राहतो. किनाऱ्यावर मासे नसतात.

मोठं जहाज बुडलं, समुद्रभर तेल पसरलं, अशा बातम्या आपण वाचतो. पण चुबुतच्या किनाऱ्यावर जे चाललं होतं त्याची बातमी कधी झालीच नव्हती, कारण तिथे काही बुडत नव्हतं. ते रोजचंच होतं. तेलाची बरणी रिकामी झाली की तुम्ही ती विसळता आणि पाणी मोरीत ओतता ना? तसं. अर्जेंटिनात दक्षिणेला जमिनीतून तेल निघतं आणि जहाजांत भरून उत्तरेला जातं. परत येताना जहाज रिकामं असतं. रिकामं जहाज लाटांवर डगमगतं, म्हणून वजनासाठी त्याच्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरून घ्यायचे. दक्षिणेला पोचण्याआधी, नवं तेल भरायला जागा करण्यासाठी, ते पाणी समुद्रात सोडून द्यायचे. टाकीच्या कडांना, तळाला चिकटलेलं तेल त्याबरोबर बाहेर. प्रत्येक जहाज, प्रत्येक फेरीला. आणि जहाजांची ही वाट नेमकी पेंग्विनांच्या वाटेवर होती.

हे कळलं कसं? मोजून. डी बोअर्स्मा नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञ १९८२ साली पुंता तोम्बोला आल्या. त्या काळात एका कंपनीला तिथल्या पेंग्विनांच्या कातड्याचे हातमोजे करायचे होते. अर्जेंटिनाच्या लोकांनी त्यावर इतका आरडाओरडा केला की तो बेत बारगळला, आणि मारण्याऐवजी अभ्यास सुरू झाला. बोअर्स्मा आल्या आणि पुढे दर वर्षी येतच राहिल्या, चाळीस वर्षांहून जास्त. पात्रिसिया गांदिनी आणि इतर अर्जेंटिनी शास्त्रज्ञांसोबत त्यांनी चुबुतचा किनारा पायी पायी तुडवला. वाळूत पडलेला प्रत्येक मेलेला पेंग्विन बघायचा, अंगावर तेल आहे का ते बघायचं, लिहायचं, पुढे चालायचं. वाचायलाही नको वाटणारं काम आहे. त्यांनी ते वर्षानुवर्षं केलं. त्या मोजणीतून अंदाज निघाला की १९८० च्या दशकात फक्त त्या एका किनाऱ्यावर दर वर्षी ४०,००० हून जास्त पेंग्विन तेलाने मरत असावेत. निम्म्याहून जास्त पहिल्याच प्रवासाला निघालेली पाखरं.

पुढची गोष्ट मला इतकी आवडते की ती मी भाचीला दोनदा सांगितली. समुद्रावर रस्ते असतात, हे तिला माहीत नव्हतं. पाण्यावर पांढरे पट्टे मारलेले नसतात, पण नकाशावर असतात. जहाजांनी कुठून जायचं, कुठून यायचं, हे आखलेलं असतं. पेंग्विनांचा रस्ता कुणी आखलेला नाही, तो माशांमागे जातो. तो हलवता येत नाही. जहाजांचा येतो! मोजलेले आकडे पुढे ठेवून शास्त्रज्ञांनी आणि तिथल्या लोकांनी सरकारकडे पाठपुरावा केला, आणि १९९७ साली चुबुत प्रांताने तेलवाहू जहाजांचा रस्ता किनाऱ्यापासून ४० किलोमीटर आणखी लांब, खोल समुद्रात सरकवला. मुंबईच्या चर्चगेटहून बोरिवली जेवढी दूर, त्याहून थोडा जास्तच. त्यानंतर चुबुतच्या किनाऱ्यावर तेलाने माखलेले पेंग्विन सापडणं खूपच कमी झालं. पेंग्विनांना काहीच वेगळं करावं लागलं नाही. ते आपले नेहमीसारखे पोहत राहिले, आणि त्यांच्या वाटेतून तेल बाजूला झालं.

अर्थात हे चुबुतपुरतं. वर उरुग्वे आणि ब्राझीलकडे जाताना आणखी बंदरं, आणखी जहाजं लागतात, आणि तिथे अजूनही काळे झालेले पेंग्विन किनाऱ्याला लागतात. तिथल्या बचाव केंद्रांत त्यांना लगेच आंघोळ घालत नाहीत, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. दमलेल्या, अशक्त पक्ष्याला धुतलं तर तो त्या धक्क्यानेच मरायचा. आधी ऊब, मग मिठासाखरेचं पाणी, मग मासे. अंगात जरा जीव आला की कोमट पाणी, भांडी घासायचा साबण, आणि डोळ्यांच्या कडेला दात घासायचा मऊ ब्रश. मग साबणाचा शेवटचा थेंब जाईपर्यंत खळाखळा धुणं. मग तो पेंग्विन कित्येक दिवस चोचीने एकेक पीस जागेवर बसवतो. छपराची शाकारणी, पुन्हा एकदा.

ऊब म्हटल्यावर आठवलं. ब्राझीलच्या उन्हात, नारळाच्या झाडांखाली, वाळूवर एक पेंग्विन उभा दिसला तर तुम्ही काय कराल? तिथल्या पुष्कळ लोकांनी पूर्वी जे केलं तेच: बर्फ आणाल! कुणी बर्फाच्या पेटीत ठेवलं, कुणी चक्क फ्रिजमध्ये. मनात माया होती, पेंग्विन म्हणजे बर्फ एवढंच माहीत होतं. पण किनाऱ्याला लागलेला पेंग्विन आधीच गारठलेला असतो. अंगावर चरबी उरलेली नसते. त्याला हवी असते चादर आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातली कोरडी जागा. म्हणून तिथले पक्षीतज्ज्ञ दर हिवाळ्यात लोकांना हात जोडून सांगत असतात, बर्फ नको, बर्फ नको.

चरबी का उरत नाही? भुकेने. हा धोका डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो मला जास्त छळतो. २००८ साली ब्राझीलच्या किनाऱ्यावर शेकड्यांनी पेंग्विन येऊ लागले, आणि नेहमीच्या जागी नाही, तर पार वर, बाहिया राज्यातल्या साल्व्हादोर शहरापर्यंत. नकाशात बघा ते कुठे आहे! विषुववृत्ताच्या किती जवळ. बहुतेक सगळी त्याच वर्षी जन्मलेली, हाडं लागलेली पाखरं. मासे शोधत ती पुढे पुढे गेली, प्रवाहाबरोबर वाहत गेली, आणि वाट चुकली. पुष्कळ मेली. जी सुधारली त्यांना परत पोहत पाठवणं शक्यच नव्हतं. मग ऑक्टोबर महिन्यात ब्राझीलच्या हवाई दलाचं एक भलंमोठं हर्क्युलिस विमान आलं, आणि उडता न येणारे साडेतीनशेहून जास्त पक्षी विमानात बसून दक्षिणेला गेले! तिथल्या किनाऱ्यावर त्यांना सोडलं, सोबत तेलातून वाचवलेले काही मोठे पेंग्विनही, लहानांना वाट दाखवतील या आशेने. खोकी उघडली, पाखरं एकमेकांना धक्के देत वाळूवर धावली, आणि लाटेत शिरली.

दर वेळी विमान येत नाही. २०२३ च्या जुलैत उरुग्वेच्या किनाऱ्यावर दहाएक दिवसांत सुमारे २,००० मेलेले पेंग्विन लागले. बर्ड फ्लू तर नाही ना, म्हणून तपासलं. नव्हता. बहुतेक सगळी लहान, पोटं रिकामी. समुद्रात मासे कमी का झाले असावेत याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत: माणसांची मासेमारी, तापत चाललेलं पाणी, वादळं. मोठा पेंग्विन मागच्या वर्षी मासे कुठे होते ते आठवून दुसरीकडे बघू शकतो. पहिल्यांदाच आलेल्याला आठवायला काही नसतं.

आता एक कोडं. किनाऱ्याला लागलेल्या पेंग्विनांत दर चारांपैकी साधारण तीन माद्या असतात. का? पुंता तोम्बोच्या बिळात तर एक नर, एक मादी. मग समुद्राने माद्याच का पकडाव्यात?

हे शोधायला पेंग्विनच्या मागे पोहत जाणं तर शक्य नाही. म्हणून ताकाशी यामामोतो या जपानी शास्त्रज्ञाने अर्जेंटिनाच्या शास्त्रज्ञांसोबत काही पेंग्विनांच्या पायांवर चिमुकली यंत्रं बसवली. या यंत्राला दोन गोष्टी येतात: पेंग्विन किती खोल बुडाला ते टिपणं, आणि उजेड आहे की अंधार, याची नोंद ठेवणं. आणि नुसत्या उजेड-अंधारावरून पृथ्वीवरची जागा सापडते! कसं ते सांगते, कारण ही युक्ती फार सुंदर आहे.

जून महिन्यात पुंता तोम्बोला दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो. त्याच दिवशी रिओला तो पावणेअकरा तासांचा. म्हणजे दिवस किती तासांचा होता हे कळलं की पेंग्विन किती वर किंवा किती खाली होता ते कळतं. आणि पूर्व-पश्चिम? कोलकात्याला सूर्य मुंबईच्या आधी उगवतो, आधी मावळतो, हो की नाही? तसंच. सूर्य नेमका किती वाजता उगवला आणि मावळला यावरून तो किती पूर्वेला होता ते कळतं. वर्षातून दोनदा ही युक्ती फसते, मार्चच्या आणि सप्टेंबरच्या विशीत. का फसत असेल, विचार करा बघू. भूगोलाच्या पुस्तकात उत्तर आहे.

सप्टेंबरात पेंग्विन घरी आले, पायांवरची यंत्रं काढली, नोंदी वाचल्या. दिसलं असं की माद्या नरांपेक्षा जास्त उत्तरेला जातात. शिवाय नर जास्त खोल बुडी मारतात, माद्या वरच्या पाण्यातच जास्त राहतात. मादी अंगाने लहान असते. शास्त्रज्ञांना वाटतं की वरच्या पाण्यातल्या जोरदार प्रवाहात ती लांब ओढली जात असावी. आणि जितकं उत्तरेला जावं तितके जहाजांचे रस्ते जास्त, तेलविहिरी जास्त, जाळी जास्त.

जाळ्यांचं थोडक्यात सांगते. नायलॉनचं बारीक जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं सोडतात. माशाला ते दिसत नाही, म्हणूनच तर ते चालतं. माशामागे धावणाऱ्या पेंग्विनलाही दिसत नाही. आणि पेंग्विन मासा नाही, त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं. कोळ्याला पेंग्विन नको असतो. पेंग्विनला जाळं नको असतं. दोघंही एकाच माशासाठी आलेले असतात.

आणि प्लास्टिक. तुम्हाला मास्क लावून घरात बसायचे दिवस आठवतात? तुमच्यातले काही तेव्हा अगदी लहान असाल. २०२० च्या सप्टेंबरात ब्राझीलमध्ये साओ पाउलो राज्यातल्या जुकेई किनाऱ्यावर एक मॅगेलन पेंग्विन मेलेला सापडला. हडकुळा, पोटात वाळू. तपासताना त्याच्या पोटातून एक मास्क निघाला, घडी झालेला. दक्षिणेतून इतकं पोहत आलेल्या पाखराच्या पोटात, कुणीतरी सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर टाकलेला मास्क. यावर मला आणखी काही लिहिवत नाही.

हे सगळं आपल्याला कळतं ते रोज सकाळी किनाऱ्यावर चालणाऱ्या माणसांमुळे. ब्राझीलच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्रातून तेल काढण्याचा परवाना देताना सरकारने अट घातली आहे की किनाऱ्यांची पाहणी करत राहायची, लागलेला प्रत्येक पक्षी, कासव, डॉल्फिन नोंदवायचा, जिवंत असेल तर उपचार करायचे. म्हणून तिथे पहाटे लाटांच्या कडेकडेने माणसं चालताना दिसतात. ओल्या वाळूत काही काळंपांढरं दिसलं की वाकून बघतात, छातीवर दोन पट्टे आहेत का.

आणि जे किनाऱ्याला लागले नाहीत, जाळ्यात सापडले नाहीत, ज्यांना मासे मिळाले, ते ऑगस्टमध्ये कुठेतरी, लाटांमध्येच, वळतात. कुणी घंटा वाजवत नाही. दिवस मोठा होत चाललेला असतो, आणि तोंडं दक्षिणेकडे होतात.

सप्टेंबरात पुंता तोम्बोच्या वाळूवर पहिला नर वर येतो. डुलत डुलत, दगड चुकवत, मागच्या वर्षीच्या त्याच झुडपापाशी जातो. तीनएक हजार किलोमीटर समुद्र ओलांडून तेच झुडूप! तिथे वही घेऊन बसलेल्या संशोधक खुणेसाठी त्याला लावलेला क्रमांक वाचतात. त्यांच्या वहीत तिशी ओलांडलेले पेंग्विनही आहेत, म्हणजे हा प्रवास तीसतीसदा केलेले. नर पायांनी माती उडवत बीळ साफ करतो, पालापाचोळा, काटक्या आणून आत पसरतो. मग बिळाच्या तोंडाशी उभा राहतो, मान वर करतो आणि समुद्राकडे बघत रेकायला लागतो. आजूबाजूला हजारो नर तेच करत असतात, सगळा माळ दणाणून जातो. त्या गोंगाटातही मादी आपल्या नराचा आवाज ओळखते.

काही दिवस तो असा रोज ओरडतो. मग एखाद्या संध्याकाळी लाटेतून एक मादी वर येते, अंग झटकते, क्षणभर थांबून ऐकते, आणि हजार बिळांमधून वाट काढत सरळ त्याच्यापाशी येऊन उभी राहते. दोघं चोचीवर चोच आपटतात. शेजारच्या बिळातला नर अजून समुद्राकडे तोंड करून ओरडत असतो.